अकराशे चाळीस संगणकांचा बोभाट

हॉस्पिटलात त्याला सगळे बोभाट म्हणतात.

नाव पाडलं ते आधीच्या साहेबांनी, आणि पाडलं ते कौतुकानं. एका बैठकीत ते म्हणाले होते, "हा माणूस बघा. सगळं काम बिनबोभाट करतो." झालं. दुसऱ्या दिवसापासून तो बिनबोभाट. पण हॉस्पिटल ही घाईची जागा. घाईच्या माणसांनी पुढचं 'बिन' कधी गाळलं ते कुणालाच कळलं नाही. उरला तो बोभाट. ज्याचं बोलणं शेजारच्या टेबलालाही ऐकू जात नाही, त्याला आता लोक जिन्यावरून हाका मारतात, "ओ बोभाट!" त्याची काही तक्रार नाही. हाक आपल्यालाच मारली हे कळलं म्हणजे नावाचं काम झालं, असं तो म्हणतो.

त्याची खोली तळघरात आहे. भिंतीपलीकडे धुलाईघर. चादरी वाळवायची यंत्रं दिवसभर फिरतात, त्यामुळे ती भिंत कायम उबदार असते. थंडीत लोक काहीतरी निमित्त काढून येतात आणि भिंतीला पाठ लावून उभे राहतात. दारावर पाटी आहे : 'पॅकेजिंग'. ती वाचून लोक खोकी मागायला येतात. चिकटपट्टी मागायला येतात. पहिली दोन वर्षं तो समजावून सांगायचा, की हे ते पॅकेजिंग नव्हे. मग त्यानं कोपऱ्यात थोडी रिकामी खोकी आणून ठेवली. समजावण्यापेक्षा खोकं देणं सोपं.

ते पॅकेजिंग नव्हे, मग कोणतं? हे सांगताना त्याची बायकोसुद्धा अडखळते.

गोष्ट साधी आहे. कॉम्प्युटरवर नवा प्रोग्रॅम बसवायचा म्हणजे त्याचा इन्स्टॉलर आधी प्रश्न विचारतो. कुठे बसू? कोणत्या भाषेत बोलू? सगळा बसू की थोडाच? अटी मान्य आहेत ना? पडद्यावर माझं चित्र ठेवू? घरी आलेल्या चौकस पाहुण्यासारखा. एका कॉम्प्युटरवर असे दहा-अकरा प्रश्न. हॉस्पिटलात कॉम्प्युटर अकराशे चाळीस.

पूर्वी पाच माणसं खिशात सीडी घालून वॉर्डावॉर्डांतून फिरायची. तीन आठवडे लागायचे. शेवटच्या वॉर्डात पोचेपर्यंत प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आलेली असायची. शिवाय पाच माणसांची पाच उत्तरं. एका मजल्यावर तारीख आधी, दुसऱ्यावर महिना आधी. त्या पाचांत बोभाट एक. त्याचे गुडघे अजून तो काळ विसरलेले नाहीत.

मग एका रविवारी त्यानं एक इन्स्टॉलर आतून उघडून पाहिला. आत तक्ते होते. कोणती फाईल कुठे जाणार, कोणता प्रश्न कधी विचारणार, उत्तर हो आलं तर काय, नाही आलं तर काय. सगळं ओळीनं मांडलेलं. मूळ तक्त्याला हात न लावता त्याच्यावर आपली एक छोटी बदलांची फाईल ठेवता येते, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्या फाईलमध्ये सगळी उत्तरं आधीच लिहून द्यायची. आणि इन्स्टॉलरला सांगायचं, आता कुणाला काही विचारू नकोस. निमूट जा, बस, आणि ये.

या प्रकाराला त्या धंद्यात 'सायलेंट' म्हणतात. बोभाट म्हणतो, गप्प बसवणं.

"आज दोन गप्प बसवले," तो घरी आल्यावर सांगतो.

"माझ्या भावाला बसव एकदा," बायको म्हणते.

भाऊ म्हणजे बोभाटचा मेहुणा. त्याच इमारतीत राहतो आणि चहाच्या वेळी बरोबर उगवतो. गेली दहा वर्षं तो एकच विनोद करतो. "म्हणजे जावईबापू, तुम्ही दिवसभर 'नेक्स्ट नेक्स्ट' दाबता?"

"नाही," बोभाट म्हणतो. "दुसऱ्यांना दाबावं लागू नये, ते बघतो."

"मग त्याला पगार कशाचा?"

यावर बोभाट कपात बघतो.

काम झालं की इन्स्टॉलर एक आकडा परत पाठवतो. शून्य आलं म्हणजे सगळं ठीक. दुसरं काही आलं म्हणजे बिघडलं. सबंध जगात शून्य मिळाल्यावर खूश होणारी ही एवढीच जमात असेल. मुलगी पाचवीत असताना एकदा घाबरत घाबरत म्हणाली, "बाबा, गणितात शून्य मिळालं." हा स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाला, "वा!" मुलगी आता कॉलेजात आहे. तो 'वा' ती अजून सांगते.

काही इन्स्टॉलर मात्र हट्टी असतात. तक्ते उघडू देत नाहीत, गप्पही बसत नाहीत. त्यांच्यासाठी बोभाटकडे दुसरी युक्ती आहे. एक अगदी कोरा कॉम्प्युटर घ्यायचा. त्याच्या आत काय काय आहे त्याची नोंद करायची. मग प्रोग्रॅम हातानं बसवायचा. पुन्हा नोंद करायची. दोन्ही नोंदींत जेवढा फरक, तेवढाच प्रोग्रॅम. तो फरक बांधला की पॅकेज तयार. विचारणारा इन्स्टॉलर मागेच राहतो.

हा कोरा कॉम्प्युटर म्हणजे खरा डबा नव्हे. बोभाटच्या कॉम्प्युटरच्या आतच तो राहतो, खिडकीत उघडतो. काम झालं की एक बटण दाबायचं, आणि तो पुन्हा जन्मदिवसासारखा होतो. बारा वर्षांपूर्वी बोभाटनं तो स्वतः घडवला. जे जे लागत नाही ते ते काढून टाकलं. धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. पुढे आतली सगळी व्यवस्था दोनदा नवी झाली, पण घडण तीच ठेवली. इतर हॉस्पिटलांतली याच कामाची माणसं त्याच्याकडे त्या घडणीची नक्कल मागायची. याचा त्याला जरा अभिमान होता. असू दे. एवढा एकच होता.

गोष्ट घडली ती फोनच्या प्रोग्रॅममुळे.

हॉस्पिटलची जुनी नंबरवही बंद होणार होती. कोणाचा नंबर काय, आज ड्युटीवर कोण, कोणाचा फोन कुणाकडे वळवायचा, हे सगळं आता नव्या प्रोग्रॅममध्ये येणार होतं. सोमवारी दुपारी अडीचला तो अकराशे चाळीस कॉम्प्युटरांवर जायचा होता. सकाळची ओपीडी उठलेली असते आणि संध्याकाळची बसायची असते, म्हणून अडीच. इन्स्टॉलर हट्टी निघाला. बोभाटनं आधीची नोंद केली, नंतरची नोंद केली, फरक बांधला. तीनशे बारा फाईली. बुधवारी दहा कॉम्प्युटरांवर चाचणी घेतली, त्यातला एक टेलिफोन रूममधला. दहा शून्यं आली. तो समाधानानं घरी गेला.

गुरुवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी त्याचा फोन वाजला.

"बोभाट, आमचे हे गेले."

हा टेलिफोन रूममधल्या ताईंचा आवाज. बोभाट खुर्चीतून उठला. "कुठे?"

"नव्या प्रोग्रॅममध्ये शिरले आणि वाचाच बसली. बाहेर आले की बोलतात. आत गेले की दातखीळ."

ताईंना जन्मापासून दिसत नाही. सव्वीस वर्षं त्या हॉस्पिटलचा फोन सांभाळतात. उजव्या कानात फोन करणारा माणूस. डाव्या कानात कॉम्प्युटर, जो पडद्यावरचं सगळं त्यांना वाचून दाखवतो. ताईंनी लग्न केलं नाही. पण डाव्या कानातल्या त्या आवाजाला त्या 'आमचे हे' म्हणतात. "दिवसभर बोलतात, आणि मी सांगितलं की गप्प होतात. असा नवरा कुणाला मिळतो?"

"ताई, माझ्याकडे तर शून्य आलंय," बोभाट म्हणाला.

"माझ्याकडेही शून्यच आलंय रे. म्हणून तर फोन केला."

तो वर गेला. टेलिफोन रूम म्हणजे तळमजल्यावरची एक अरुंद खोली. टेबलावर फोनचं यंत्र, त्याच्या बटणांवर ताईंच्या बोटांनी घासून गुळगुळीत झालेल्या खुणा. त्यानं पॅकेज काढलं. कंपनीचा मूळ इन्स्टॉलर लावला. अकरा प्रश्नांची तीच अकरा उत्तरं दिली. ताईंनी कानाला हेडफोन लावला आणि चेहरा उजळला.

"आले. काय जादू केलीस?"

जादू काहीच केली नव्हती, हीच अडचण होती. उत्तरं तीच. प्रोग्रॅम तोच. हातानं बसवला की बोलतो, पॅकेजमधून गेला की मुका. अकरा प्रश्नांत आवाजाबद्दल एकही प्रश्न नव्हता. पण बाहेर दोन लाईन खोळंबल्या होत्या आणि ताई खूश होत्या. तो खाली आला.

शुक्रवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला.

"परत माहेरी गेले," ताई म्हणाल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत.

कारण बोभाटला लगेच कळलं. दररोज पहाटे एक यंत्रणा सगळ्या कॉम्प्युटरांवरून फेरी मारते. ठरलेल्या पॅकेजमध्ये जे नाही ते काढून टाकते. हा नियम आठ वर्षांपूर्वी त्यानंच लावला होता, कारण कुणीतरी हिशेब विभागात पत्त्यांचा खेळ बसवला होता. पहाटे यंत्रणेनं हातानं बसवलेलं काढलं आणि त्या जागी त्याचं मुकं पॅकेज पुन्हा आणून ठेवलं. त्याचीच करणी, त्याच्याच गळ्यात. एक कॉम्प्युटर नियमातून वगळता आला असता. पण वगळलेल्या कॉम्प्युटरला हॉस्पिटलची लाईन जोडून मिळत नाही. तो नियम सुरक्षा पाहणाऱ्यांचा, आणि त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.

दुपारी बैठक झाली. संगणक विभागाच्या मॅडम होत्या, प्रशासन अधिकारी होते, कोपऱ्यात बोभाट होता.

"किती चालतायत?" मॅडमनी विचारलं.

"दहातले नऊ."

"आणि दहावा टेलिफोन रूमचा. कंपनीला विचारलं?"

"विचारलं. उत्तर आलं, की आमची तक्रार त्यांच्यासाठी महत्त्वाची आहे."

मॅडम नाइलाजानं हसल्या. त्या वाईट नव्हत्या. सोमवारी जुनी नंबरवही बंद होणार हे त्यांच्याही हातात नव्हतं.

अधिकाऱ्यांनी वही मिटली. "मग सोपं आहे. सोमवारपासून तिथे बिलिंगमधल्या बाईंना बसवू. टेलिफोनवाल्या ताईंना चौकशीच्या खिडकीत खुर्ची देऊ. पगार तोच."

"काम काय देणार?" मॅडमनी विचारलं.

"बसतील. सव्वीस वर्षं केलंच आहे की. आता जरा आराम."

"सोमवारी अडीचपर्यंत सापडलं तर बघा," मॅडम बोभाटला म्हणाल्या. "नाहीतर मला एका कॉम्प्युटरसाठी बाकीचे अडवता येणार नाहीत."

तो ताईंना सांगायला गेला, पण सांगायची गरजच नव्हती.

"बिलिंगला कळवायचा फोन माझ्याकडूनच गेला," ताई म्हणाल्या. "मला खिडकीत ठेवणार. कुंडी आहे का रे मी?"

एक फोन आला. ताईंनी न बघता बटण दाबलं, "नमस्कार, हॉस्पिटल," म्हणाल्या, आणि पाठ असलेल्या नंबरावर जोडून दिला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जुने नंबर माझे पाठ आहेत. पण सोमवारी नंबरच बदलणार ना सगळे. बोभाट, मला नुसतं बसून पगार नको रे."

तो संध्याकाळी घरी आला तो तसाच. मेहुणा चहाला होता. "काय जावईबापू, आज 'नेक्स्ट' अडकलं वाटतं?"

"दादा, तू जा," बोभाटची बायको म्हणाली. असा सूर ती क्वचितच लावते. मेहुणा कप घेऊन गेला.

बायको मोटार चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून 'क्लच, क्लच, अहो क्लच' म्हणते. संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसतो, म्हणून घरी ती कमी बोलते. दोघांचं चांगलं जमतं. त्या दिवशी तिनं सगळं ऐकून घेतलं. भाजी चिरता चिरता विचारलं, "तू त्यांच्या खुर्चीत बसलास का?"

"कशाला? मी होतो ना तिथे. मागे उभा होतो."

"माझे विद्यार्थीही असंच म्हणतात. मागच्या सीटवर बसून सगळं येतं त्यांना."

"अगं, पण पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं."

तिनं सुरी थांबवली. "दिसत होतं," ती म्हणाली, आणि पुन्हा चिरायला लागली.

शनिवारी सकाळी तो ताईंच्या खुर्चीत बसला. ताई शेजारी स्टुलावर. त्यानं पुन्हा हातानं प्रोग्रॅम बसवला, हेडफोन घातला, डोळे मिटले.

डाव्या कानात एक पुरुषी आवाज सुसाट धावायला लागला. त्याला एक शब्द कळेना.

"हे काय बोलतायत?"

"नावं वाचतायत. तुझ्यासाठी हळू करू?"

"हे तुम्हाला कळतं?"

"तुला नाही कळत?" ताईंना मनापासून मजा वाटली. "संसार करावा लागतो बाबा, त्याशिवाय नाही कळत."

त्यांनी वेग कमी केला. बोभाट ऐकत राहिला. प्रोग्रॅम बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला, पुन्हा उघडला. तिसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात आलं, की पहिल्या शब्दाआधी एक बारीकसा 'टक' होतो. कुणीतरी बोलण्याआधी जीभ टाळ्याला लावावी तसा. मग त्यानं आपलं पॅकेज लावलं. 'टक' नाही. शब्द नाही. डोळे मिटलेले असताना ती शांतता फार मोठी वाटली. समोर काहीच उरलं नव्हतं. पडद्यावर नावांची अख्खी यादी असणार, हे ठाऊक असूनही.

तो खाली आला. तोच 'टक' आपल्या कोऱ्या कॉम्प्युटरवर ऐकावा म्हणून त्यानं कपाटातून एक जुना हेडफोन काढला. जोडला. प्रोग्रॅम उघडला. काही नाही. आवाज वाढवायला गेला, तर आवाजाच्या चित्रावर एक लाल फुली होती.

कोऱ्या कॉम्प्युटरला आवाजच नव्हता. बारा वर्षांपूर्वी त्यानंच काढून टाकला होता.

बोभाटनं हेडफोन काढून ठेवला. मग त्यानं बटण दाबून कोऱ्या कॉम्प्युटरला जन्मदिवसावर नेलं आणि आवाज दिला. तीन क्लिकचं काम. आधीची नोंद केली, प्रोग्रॅम बसवला, नंतरची नोंद केली. फाईली तीनशे सव्वीस. बुधवारपेक्षा चौदा जास्त.

आता सगळं उघड झालं. इन्स्टॉलर अकरा प्रश्न विचारत होता आणि बाराव्याचं उत्तर स्वतःच बघून घेत होता. या कॉम्प्युटरला आवाज आहे का? असेल तर वाचून दाखवायचा भाग बसव. नसेल तर सोडून दे. माणसाला त्याबद्दल अवाक्षर नाही. हातानं बसवताना तो ताईंच्या कॉम्प्युटरला विचारत होता. पॅकेज करताना त्यानं विचारलं ते बोभाटच्या कोऱ्या कॉम्प्युटरला. आणि तो म्हणाला, नाही.

अकरा प्रश्नांची उत्तरं लोकांच्या वतीनं देणारा माणूस न विचारलेल्या प्रश्नावर नापास झाला होता. हे दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. ज्याचा कॉम्प्युटर इतका स्वच्छ, त्यालाच ही चूक करता येते. बोभाट एकटाच हसला. शनिवार असल्यामुळे धुलाईघर लवकर बंद झालं होतं. नाहीतर कुणीतरी डोकावलं असतं.

सोमवारी सकाळी त्यानं नवं पॅकेज मॅडमना दाखवलं.

"चौदाच फाईली?" मॅडम म्हणाल्या. "छान. त्या फक्त टेलिफोन रूमला द्या. बाकीच्यांना कशाला?"

"एकच पॅकेज राहू द्या मॅडम. दोन केली की दोन सांभाळावी लागतात. एक सुधारलं की दुसरं राहून जातं. आवाज आपणहून कुठे सुरू होत नाही. कुणी दोन बटणं दाबली तरच बोलतो. नाहीतर झोपून राहतो. कुणाला त्रास नाही."

बोभाटच्या मानानं हे भाषण होतं. मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना."

अकरा वाजता टेलिफोन रूममध्ये परीक्षा ठरली. अधिकारी आले. बिलिंगमधल्या बाई आल्या, खांद्याला पर्स लावून, खाली न ठेवता. बोभाटनं पॅकेज पाठवलं. शून्य आलं. या वेळी त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. ताईंकडे बघितलं.

ताईंचं डोकं किंचित डावीकडे झुकलं.

"विचारा," त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी खास तयारी केली होती. "त्वचा विभागात आज एक नवीन डॉक्टर रुजू झालेत. त्यांचा नंबर."

ताईंची बोटं चालली. चार सेकंद गेली असतील.

"चार शून्य सात दोन. पण ते साडेबारापर्यंत ट्रेनिंगला आहेत, उचलणार नाहीत. निरोप ठेवू, की विभागाच्या सिस्टरांना जोडू?"

अधिकारी थांबले. हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी आणखी दोन नंबर विचारले. दुसरा विचारून व्हायच्या आतच उत्तर आलं.

"मग मी जाऊ ना?" बिलिंगमधल्या बाई म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता निघाल्यासुद्धा. दारातून वळून म्हणाल्या, "ताई, वाचवलंत हो. एकाच वेळी ऐकायचं, शोधायचं आणि जोडायचं म्हणजे माझं डोकंच फुटलं असतं."

"सवयीनं होतं," ताई म्हणाल्या. "या कधी चहाला. शिकवते."

अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. खिडकीतल्या खुर्चीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि ताईंनीही काढला नाही. "ठीक आहे, चालू द्या," म्हणून ते गेले.

बोभाट मात्र घुटमळला.

"ताई, चूक कंपनीची नव्हती. माझी होती. माझ्या चाचणीच्या कॉम्प्युटरला आवाजच नव्हता. मीच काढून टाकला होता."

"का?"

"लागत नव्हता."

"कुणाला?"

मग ताईंनीच हातानं त्याचं मनगट शोधून त्यावर एक चापट मारली.

"बरं, जा आता. तीन लाईन थांबल्यात."

दुपारी अडीचला त्यानं पॅकेज सोडलं. खोलीत बसून आकडा चढताना बघितला. चाळीस. दोनशे दहा. सहाशे. वर नऊ मजल्यांवर कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. सिस्टर तापाचे आकडे भरत होत्या, प्रयोगशाळेत कुणी रिपोर्ट छापत होतं, आणि त्यांच्या हाताखालीच प्रोग्रॅम येऊन बसत होता. चारपर्यंत अकराशे एकतीस झाले. नऊ कॉम्प्युटर बंद होते. त्यानं किटलीत पाणी घातलं.

घरी बायकोनं विचारलं, "काय झालं?"

"ताई फोनवरच आहेत."

"खुर्चीत बसलास म्हणून सापडलं की नाही?"

"डोळे मिटले म्हणून."

"ते माझ्या गाडीत करू नकोस," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात भाताचा आणखी एक डाव वाढला. मुलगी कसलातरी अर्ज भरत होती. वडिलांचा व्यवसाय या रकान्यापाशी येऊन तिनं दरवेळेसारखं वर बघितलं. तो म्हणाला, "नोकरी लिही." तिनं तेच लिहिलं.

मंगळवारी साडेदहाला फोन वाजला. ताई होत्या.

"एक फोन जोडतेय. कोण आहे ते विचारू नकोस. तू विचारत नाहीस असं मी सांगितलंय त्यांना."

लाईनवर एक वयस्क पुरुषाचा आवाज आला. हुकूम द्यायची सवय असलेला, पण आत्ता अडखळणारा. "नव्या प्रोग्रॅममध्ये... वाचून दाखवायची सोय आहे म्हणे."

"आहे," बोभाट म्हणाला.

"फक्त टेलिफोनलाच?"

"नाही. सगळ्यांना."

"माझ्याही मशीनवर असेल मग."

"असेल."

"बाहेर ऐकू जातं का? म्हणजे खोलीत कुणी असलं तर."

"हेडफोन लावला तर नाही जात."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार लावल्याचा आला. बोभाटनं दोन बटणं सांगितली. ती शोधायला त्या माणसाला बराच वेळ लागला. बोभाट थांबला. मग फोनमधून, लांबून, एक बारीकसा 'टक' ऐकू आला.

त्यामागून एक सुसाट आवाज.

"जरा हळू बोलायला सांगता येतं का त्याला?" तो माणूस म्हणाला.

"येतं. खालचा बाण. दोनदा दाबा."

"हं." बाण दोनदा वाजला. "हं. आता कळतंय. अक्षरं अलीकडे फार बारीक करतात हो हे लोक."

"करतात," बोभाट म्हणाला.

"बरं," तो आवाज म्हणाला. मग जरा थांबून, "बरं झालं."

फोन ठेवला गेला. बोभाटनं बंद राहिलेल्या नऊ कॉम्प्युटरांची यादी उघडली आणि कोण कोण आता चालू झालेत ते बघायला लागला.